कोंबड्यांच्या पाण्याला मुंग्या

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

वही कशी सुरू करतात ते मला माहीत नाही. मला पत्रं तेवढी लिहिता येतात, म्हणून पत्रासारखंच सुरू करतो. छगन बाळा, तुझा खोकला कसा आहे? सुरतेच्या धुरात मफलर गुंडाळतोस ना? काजल सूनबाई, तुझी कंबर कशी आहे? अंगणवाडीतली पोरं उचलून उचलून धरतेस, आणि विचारलं की म्हणतेस, "काही नाही बाबा." म्हशीचं बरं आहे. प्रार्थनाघराच्या पत्र्याची तब्येत बरी नाही, दोन ठिकाणी गळतोय. कोंबड्या मात्र आजारी. कुंदनने त्याच्या पोल्ट्रीतलं लाल औषध आणून दिलं. पाण्यात कालवून प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलंय. रोज एक झाकण कोंबड्यांच्या पाण्यात टाकायचं. आणि करमसिंग, तुझं काय? माझं बरं आहे. डोळ्यांपुढे जरा धुकं असतं, पावसाळा आहे, असायचंच.

ही वही छगनने पाठवली. सोबत खोक्यांवर पत्ते लिहितात तसलं जाड काळं पेन. एवढं जाड कशाला पाठवलं देव जाणे. एका पानावर आठ ओळी बसतात.

आता मुद्द्याचं. काल पाळक पितांबर आले होते. ते मूळचे प्रकाशा गावाकडचे, मनातलं बोलायला लागले की त्यांच्या अहिराणीवर जातात. चहा घेतला आणि म्हणाले, "करमसिंगदादा, सहा गावं मी एकला सांभाळी ऱ्हायनू. तुम्हना गावले नवा सेवक पाहिजे. एक नाव द्या. घाई नही शे, पण वीस ऑक्टोबर पक्की." आणि सोबत एक यादीही मागितली. देवाच्या कामाला उपयोगी पडणाऱ्या माणसात कोणते गुण हवेत ते लिहायचं, आणि नावापुढे त्यातले कोणते आहेत तेही.

मी म्हटलं, "आणि मी?"

"तुम्ही आते आराम करा."

एकतीस वर्षं मी इथल्या ख्रिस्ती मंडळीचा वडील आहे. आराम म्हणजे काय ते मला कोणी शिकवलेलं नाही. शाळा तिसरीपर्यंत. घरी आम्ही मावची बोलतो. मराठी मी पवित्र शास्त्र वाचून वाचून शिकलो, एकेक अक्षर बोटाने धरून. यादी लिहीन. मला काय, कागदाची भीती नाही.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला गुण लिहिला, खरेपणा. त्याच्यापुढे घट्ट रेघ मारली.

मग दिवसभर त्या रेघेकडे बघवेना. आज उपासनेत वाचन मी केलं. वाचन म्हणजे, पाठ होतं ते म्हटलं. अक्षरं हल्ली पानावर मुंग्यांसारखी चालतात. मध्येच एकदा पान उलटलं, म्हणजे वाचतोय असं दिसावं. हे कोणाला सांगितलं नाही, वहीलाच सांगतो.

एक गोष्ट कळत नाही. शास्त्रात घातलेला खुणेचा दोरा हल्ली बरोबर त्या दिवसाच्या पानावर असतो. मी तर घालत नाही.

उपासनेनंतर रूपलीबाई दाराशी भेटली. विधवा बाई, कुंदनच्या पोल्ट्रीत कामाला जाते. "दादा, आज शास्त्र सुलटं धरलं होतं हं तुम्ही," म्हणाली. मी म्हटलं, मग काय उलटं धरतात? ती हसली. तिच्या थट्टेला अर्थ नसतो.

आणि शाळेत काही नवीन शिकवतात वाटतं. पोरं भेटली की आधी आपलं नाव सांगतात. "आजा, मी चेतना, सलाम." "आजा, मी चंदन." जन्मल्यापासून ओळखतो त्यांना, नाव काय सांगायचं! पण चांगली सवय आहे. नम्रता म्हणून यादीत दुसरा गुण लिहिला.

१५ सप्टेंबर, रविवार

आज दिलवरसिंग गुरुजींना संदेश द्यायला लावला, पारख करावी म्हणून. आवाज खणखणीत, शास्त्राचा अभ्यास दांडगा. नम्रतेवर बोलले. पाऊण तास. मध्ये दोनदा म्हणाले, "माझ्यासारखा शिकलेला माणूस तुमच्यात येऊन बसतो, ही नम्रता." मागच्या बाजूला छगनच्या मामीने एवढ्या मोठ्याने जांभई दिली की गुरुजी थांबले. तरी बोलले छान. यादीत शिकवण्याची हातोटी हा गुण लिहिला आणि त्यापुढे त्यांचं नाव.

कुंदन दुसरा. पेटी वाजवतो, लाउडस्पीकर जोडतो, कोणालाही मोटारसायकलवर दवाखान्यात नेतो. पण प्रार्थना करायला उभं केलं की घामाघूम होतो. "प्रभू, तू... तू प्रभू आहेस," एवढ्यावरच आमेन.

तिसरं नाव सुचेना. रूपलीबाईचं घेऊन बघितलं. वाचता येत नाही. प्रार्थना पुटपुटते, कोणाला ऐकू जात नाही. उपासनेत डुलक्या घेते, कारण पहाटे चारपासून पोल्ट्रीत उभी. मोतीलालच्या म्हाताऱ्या आईचे पाय धुते, भांडणाऱ्या दोन जावांना एका चुलीपाशी बसवते, हे खरं. पण हे गुण कशात घालायचे? यादीत तसा रकाना नाही. झाडलोट, एवढं लिहिलं.

२२ सप्टेंबर

दोन गोष्टी, दोन्ही न कळणाऱ्या.

प्रार्थनाघराच्या पायऱ्यांच्या कडेला कोणी चुन्याचे जाड पांढरे पट्टे मारले. सण नाही, लग्न नाही. काजलला विचारलं तर म्हणाली, "मुंग्यांसाठी असेल बाबा."

दुसरी, माझ्या अंगणातल्या पपईपासून थेट प्रार्थनाघराच्या कुंपणापर्यंत कोणीतरी दोरी बांधली. कपडे वाळत घालायला म्हणावं तर एक फडकं नाही त्यावर. चौकशी केली तर रूपलीबाईने बांधली. विचारलं कशाला, तर म्हणाली, "वेल चढवीन म्हणते, दादा." पावसाळा संपत आला, आता कसला वेल! बाईच्या डोक्यात काय चालतं ते तिलाच माहीत. जाता येता दोरी हाताला लागते म्हणून धरतो, एवढंच.

६ ऑक्टोबर, रविवार

आज मन फार खराब आहे.

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन, भाकर आणि रस वाटायचा. पाळकांना सगळीकडे जाता येत नाही म्हणून आमच्या गावात त्यांच्या परवानगीने मीच देतो. सकाळी फळीवरून रसाची बाटली काढली, तांब्यात ओतली, वरून पाणी घातलं, चोवीस पेल्या भरल्या. थाळी पांढऱ्या कपड्याने झाकली. सर्दीने नाक गच्च, डोकं जड, तरी एकट्याने सगळं केलं. काजल मदतीला आली तर तिला म्हटलं, एकतीस वर्षं करतोय.

थाळी टेबलापर्यंत नेण्याचं काम रूपलीबाईकडे असतं. भाकर झाली, मी प्रार्थना केली, तिने थाळीवरचं कापड उचललं. आणि काय झालं कळलं नाही, अख्खी थाळी तिने पालथी केली! चोवीसच्या चोवीस पेल्या. टेबलावर, कपड्यावर, माझ्या हातावर.

मी ओरडलो. प्रभूच्या टेबलासमोर मी सगळ्यांदेखत ओरडलो, "हात मोडलेत का तुझे? एवढं एक काम नीट होत नाही?"

ती म्हणाली, "चूक झाली दादा. हात निसटला."

दुसरा रस नव्हता. म्हटलं, पुढच्या रविवारी, मनुका भिजवून. आमच्या वडलांच्या वेळी बाटल्या कुठे होत्या, मनुकाच भिजवायचे. लोक गुपचूप घरी गेले. दिलवरसिंग गुरुजी जाताना म्हणाले, "म्हणून म्हणतो वडील, पवित्र काम अडाणी हातात देऊ नये."

घरी येऊन रूपलीबाईच्या नावावर काट मारली. दोनदा मारली, कारण पहिली कुठे पडली ते दिसलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याला मुंग्या लागल्यात. रांगच्या रांग. हाताला लागल्या, चावल्या तेव्हा कळलं. काल दुपारी औषधाचं झाकण घातलं होतं तेवढंच. औषधाला मुंग्या लागतात हे आज पहिल्यांदा बघितलं. कोंबड्या मात्र खूश, भांडं पुसून प्यायल्या.

काजलने टेबलाचा कपडा धुतला. म्हणाली डाग जात नाही, सुपारीसारखा तपकिरी झालाय. द्राक्षाचा डाग जांभळा राहतो, तपकिरी कसा? ती पुढे काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "चहा ठेवते."

१० ऑक्टोबर, गुरुवार

दिलवरसिंग गुरुजी रस्त्यात भेटले. "काय वडील, मेंदी लावलीत वाटतं? उजव्या हातालाच?" मी बोटं डोळ्यांजवळ नेली. तपकिरी झालीत खरी. साबणाने घासली, राखेने घासली. जात नाही.

यादी पुरी केली. खरेपणा, नम्रता, शिकवण्याची हातोटी, धीर, प्रार्थना, शुद्ध चालचलणूक. प्रत्येकापुढे गुरुजींचं नाव बसतं. धीर सोडून. आणि नम्रतेपुढे लिहिताना पेन जरा अडलं. तरी नाव ठरलं म्हणून सुटका वाटायला हवी होती. वाटत नाही. प्रार्थनेला बसलो तर मन सारखं त्या सांडलेल्या थाळीकडे जातं. पेल्या कशा पडल्या? हात निसटला तर थाळी एका बाजूने कलते. ही तर सरळ पालथी झाली, तव्यावरची भाकरी उलटावी तशी.

संध्याकाळी रूपलीबाई आली. अळूची पानं घेऊन. रविवारचं एक अक्षर काढलं नाही, मीही नाही. मग म्हणाली, "दादा, नवापूरला डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत म्हणे, फुकट तपासतात. कुंदन नेईल."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांना काय झालं?"

"मी कुठे म्हटलं काही झालं? मी म्हटलं डॉक्टर येणार आहेत."

"तर तू जा."

"बरं," म्हणाली. पानं ठेवून गेली. चहाही विचारला नाही मी तिला.

१३ ऑक्टोबर, रविवार

उशीर झालाय, पण लिहितो. लिहिल्याशिवाय आज झोपणार नाही.

सकाळी उपासनेआधी कोंबड्यांच्या पाण्यात औषध घालायला गेलो. झाकण निसटलं, बाटली हातावर सांडली. हात चिकट झाला. औषध चिकट का असेल? मुंग्या आठवल्या. बोट जिभेला लावलं.

गोड. द्राक्षाचा रस.

मग तिथेच म्हशीच्या खुंट्यापाशी बसलो. कोंबड्यांना आठवडाभर मी प्रभुभोजनाचा रस पाजतोय. म्हणजे रविवारी तांब्यात काय ओतलं होतं? ते लाल औषध. बोटांवरचा तपकिरी डाग त्याचाच. ज्याचं एक झाकण बादलीभर पाण्याला लागतं, त्याची जवळजवळ अख्खी बाटली मी चोवीस पेल्यांत भरली. पिणाऱ्यांत चौदा वर्षांची चेतनाही होती, यंदाच बाप्तिस्मा झालेली. मोतीलालची म्हातारी आई होती. तोंडं पोळली असती, पोटं पोळली असती. देवाच्या टेबलावर, माझ्या हाताने.

काजलला हाक मारली. "काजल, खरं सांग. रूपलीबाईला ठाऊक होतं?"

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "ती पोल्ट्रीत रोज तेच पाणी ढवळते बाबा. कापड उचललं आणि तिला रंग दिसला. सांगायला वेळ नव्हता, तुमचा हात पेलीकडे गेलाच होता."

"मग नंतर का नाही सांगितलं?"

"म्हणाली, कोणी सांगायचं नाही. दादांना लागेल."

"कोणी म्हणजे? अजून कोणाला ठाऊक होतं?"

काजलने पदराने माझा चिकट हात पुसला. मग म्हणाली, "बाबा, पोरं आपलं नाव का सांगतात तुम्हाला?"

मग एकेक सगळं बाहेर आलं. पोरांना रूपलीबाईने सांगितलं, आजांना दिसत नाही, आधी नाव सांगा. दोरा शास्त्रात कुंदन घालतो. चुना छगनच्या मामीने लावला. दोरी कशासाठी, ते मला आता विचारावं लागलं नाही. आणि जाड पेन छगनने काजलच्या सांगण्यावरून पाठवलं. अख्ख्या गावाला ठाऊक. मला तेवढं ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक आहे.

उपासनेला गेलो. दोरी धरून. आज मुद्दाम घट्ट धरली. मनुकांचा रस काजलने केला, पेल्या तिनेच भरल्या. प्रभुभोजनाआधी मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मला दिसत नाही. गेल्या रविवारी चूक माझी होती, रूपलीबाईची नाही. मी तिच्यावर ओरडलो, तेही तिच्यावर नाही, माझ्यावरच ओरडायला हवं होतं." मागून छगनची मामी म्हणाली, "ठाऊक आहे दादा, पुढे चला, पोरं भुकेली आहेत." सगळे हसले. मीही.

दिलवरसिंग गुरुजी हसले नाहीत. जाताना माझा हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या. त्यांचं मौन मी पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर एकच विचार. तिचा हात निसटला नव्हता. तिने मुद्दाम थाळी पालथी केली आणि मला सांगितलं, निसटला. म्हणजे खोटं बोलली. माझ्या यादीत पहिला गुण खरेपणा. आता तो कोणापुढे लिहू? मी पान उलटून वाचल्याचं दाखवत होतो, तेही खोटं. तिचं खोटं आणि माझं खोटं एकाच रकान्यात बसतं का? मला वाटतं नाही. पण का नाही, ते सांगता येत नाही. शास्त्र काढलं, तर अक्षरं दिसत नाहीत. हसू आलं आणि रडूही.

आणि दुसरी बाजू. त्यांनी सगळ्यांनी मला सांभाळलं नसतं, कोणी तोंडावर सांगितलं असतं, तर ती बाटली माझ्या हातात राहिलीच नसती. मग त्यांचं प्रेम बरोबर की चूक? डोकं चालत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रूपलीबाईकडे मीच गेलो. कुंदनने मोटारसायकलवर नेलं. ती अंगणात नागली पाखडत होती. सूप थांबलं नाही.

म्हटलं, "माफ कर."

"केलं," म्हणाली. "बसा. खाट डावीकडे आहे."

मी तिला सगळं विचारलं. खोटं का बोललीस. तिने सुपातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "दादा, ते मला पण टोचतंय. त्या वेळी तुमची लाज वाचवली. पण चूक माझी पण आहे. आम्ही सगळे गप्प बसलो म्हणून तर बाटली तुमच्या हाती राहिली. दोरी बांधण्यापेक्षा तोंड उघडायला हवं होतं मी. भीती वाटली, तुम्ही घरात बसून राहाल."

मी म्हटलं, "पाळकांना मी तुझं नाव देतोय."

सूप थांबलं. "मला? मला वाचता येत नाही."

"मला पण आता येत नाही."

ती एवढी हसली की कोंबड्या पळाल्या. मग गंभीर झाली. "गुरुजी शिकलेले आहेत."

"वाचन गुरुजी करतील. गाणं कुंदन बघेल."

"मग मी काय करायचं?"

"जे करतेस ते."

तिने विचार केला. पाखडलेली नागली टोपलीत भरली, दोन्ही हातांनी सपाट केली. "एका अटीवर. आधी तुम्ही डोळे दाखवा, मग माझं नाव लिहा. आंधळ्याने निवडलं असं उद्या कोणी म्हणायला नको."

तिच्यात थट्टा कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, ते मला कधीच कळणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काल नवापूरला गेलो. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, इतके दिवस कसं चालवलंत?" मी म्हटलं, "मी नाही चालवलं." दिवाळीनंतर चार नोव्हेंबरला एका डोळ्याचं ऑपरेशन आहे.

पाळकांना पत्र लिहिलं. कुंदन उद्या घेऊन जाईल. इथे नक्कल ठेवतो.

प्रिय पाळकसाहेब, सलाम. तुमची तब्येत कशी आहे? बाईसाहेबांचा गुडघा? लेकीची परीक्षा झाली का? इकडे छगनचा खोकला थांबला, काजलची कंबर तिला मान्य नसली तरी दुखते, कोंबड्या आता खऱ्या औषधाने बऱ्या आहेत, आणि माझ्या डोळ्यांचं सोबतच्या चिठ्ठीत वाचा.

तुम्ही मागितलेली गुणांची यादी मी लिहिली होती, ती फाडली. सहा गुण होते, सगळे चांगले. पण आमच्या मंडळीचा जीव ज्याने वाचला, तो गुण त्यात कुठेच नव्हता. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कोणाचं काय चुकतंय ते लांबून दिसणं आणि त्याला न पाडता मध्ये हात घालणं, असं काहीतरी. ती बाई कधी चुकतेही. चुकली की कबूल करते. नाव रूपलीबाई. तुम्ही तिला ओळखता, तुम्ही आलात की चहा तीच आणते. तिला वाचता येत नाही. तुम्हाला हे चालेल की नाही, मला समजत नाही. मला हल्ली बरंच समजत नाही. चालणार नसेल तर तिला नको, मला सांगा. मी तिला सांगेन. ते सांगणं माझ्याच वाट्याचं आहे.

उत्तर लवकर लिहा. चार तारखेच्या आधी आलं तर काजल वाचून दाखवेल, म्हणून अक्षर नेहमीचं चालेल. नंतर आलं तर बारीक लिहा. मला स्वतः वाचून बघायचंय.